ओस्लोबच्या मच्छीमारांची बाजू घ्यायची तर पुरी घेऊ

नमस्कार.

ओस्लोबवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत उरकण्यासारखी नाही, म्हणून सवडीने उत्तर लिहिते आहे. इतर वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या दक्षिण टोकाकडच्या या छोट्या नगरपालिकेची ओळख करून देताना मी तिथे व्हेल शार्कना रोज खायला घालून चालणाऱ्या पर्यटनाला चुकीचं म्हटलं. त्यावर तुम्ही लिहिलंत: "मासा मारत नाहीत, कापत नाहीत. मूठभर जवळा टाकतात आणि गावाचं पोट भरतं. पुण्यात बसून तुम्हाला त्यात काय खुपतं?" ज्याच्यावर गाव जगतं ते सोडून मी चर्च आणि सुमिलोन बेटावरच जास्त लिहिलं, हा दुसरा आक्षेप. अभयारण्यवाले शेवटी मच्छीमारालाच समुद्राबाहेर काढतात, मालवणला हेच झालं, हा तिसरा. आणि शेवटी विचारलंत की तुमचा भाऊ घरच्यांना घेऊन डिसेंबरात सेबूला निघालाय, त्याने ओस्लोबला जावं की नाही.

तुम्ही स्वतः रत्नागिरीकडच्या मच्छीमार घरातले आहात असं लिहिलंत. तेव्हा पोटाच्या प्रश्नापासूनच सुरुवात करू.

ओस्लोबमधल्या ज्या बारांगायात, म्हणजे वाडीत, हे शार्क येतात तिचं नाव तान-आवान. 2019 मध्ये 'मरीन पॉलिसी' या नियतकालिकात तिथल्या मच्छीमारांवरचा एक अभ्यास आला. पर्यटन सुरू होण्याआधी त्यांची कमाई दिवसाला सरासरी 1.40 डॉलर होती, ती 62 डॉलरपर्यंत गेली. 2012 ते 2016 या पाच वर्षांत साडेसात लाखांवर तिकिटं विकली गेली आणि त्यातून सुमारे 1 कोटी 84 लाख डॉलर आले. मच्छीमारांनी आपली संघटना बांधली, तिचे सभासद 177. तिकिटाच्या पैशाची वाटणीही ठरली: 60 टक्के संघटनेला, 30 टक्के नगरपालिकेला, 10 टक्के बारांगायाला. जगभरात पर्यटनाचा पैसा हॉटेलवाल्यांकडे आणि टूर कंपन्यांकडे जातो. इथे तो आधी वल्हं मारणाऱ्याच्या हातात पडला. ही मोठी गोष्ट आहे आणि तिचं मोल मला कमी करायचं नाही.

उलट तुमच्या बाजूने आणखी एक गोष्ट मीच सांगते, कारण ती कळल्याशिवाय हे 62 डॉलर काय आहेत ते कळत नाही. या किनाऱ्यावर, ओस्लोब आणि शेजारच्या सान्तान्देर भागात, कित्येक वर्षं 'मुरो-आमी' मासेमारीसाठी माणसं भरती होत. मोठ्या बोटी शेकडो पोहणारे घेऊन दूरच्या प्रवाळांवर महिनोन्‌महिने जात. त्यात पोरंही असत. घरच्यांना आधी उचल दिली जाई आणि मग तो पोरगा बोटीवर. प्रत्येकाच्या हातात एक लांब दोर, दोराच्या टोकाला दगड. सगळ्यांनी एका रांगेत पोहत ते दगड खालच्या प्रवाळांवर आपटायचे, आवाजाने मासे उधळून जाळ्याकडे पळायचे. प्रवाळांचा चुरा व्हायचा आणि पाण्यात बुडून माणसंही मरायची. सरकारने 1986 मध्ये यावर बंदी घातली. ज्यांच्या बापजाद्यांनी हे भोगलं, त्यांना घरापासून हाकेच्या अंतरावर, सकाळच्या वेळात, होडीत बसून कमाई मिळत असेल तर त्यांना नाक मुरडायचा मला काहीही अधिकार नाही. मी मुरडलेलंही नाही. माझा आक्षेप खायला घालण्याच्या पद्धतीवर आहे आणि तो मी मागे घेत नाही. का, ते सांगते.

तान-आवानला सकाळी काय चालतं ते जवळून पाहायला हवं. किनाऱ्यापासून शे-दोनशे मीटरवर दोन्ही बाजूंना बांबू लावलेल्या अरुंद होड्यांची रांग लागते. इंजिन नाही, फक्त वल्हं. पुढच्या होडीतल्या माणसाजवळ उयापची बादली असते. उयाप म्हणजे आपल्या जवळ्यासारखीच बारीक कोळंबी, ती तिथे खारवून घरोघरी खातात. तो मूठभर उयाप पाण्यात सोडतो, होडी जरा पुढे नेतो, पुन्हा सोडतो. खाली शार्क उभा. आडवा पोहणारा नाही, अक्षरशः शेपटी खाली आणि तोंड वर करून उभा, आणि ते मीटरभर रुंद तोंड होडीच्या कडेला लागलेलं. उयाप आला की पाण्यासकट ओढून घेतो, कल्ल्यांतून पाणी सोडतो, पुन्हा तोंड उघडतो. होडी सरकली की तोही सरकतो. भोवती लाईफ जॅकेट घातलेली माणसं, कॅमेरे, पायांचे फटके. ठरलेलं अंतर राखा असा नियम आहे, पण त्या गर्दीत तो राखणं कुणालाच जमत नाही. प्राणी इतका शांत की त्याला त्रास होत असेल असं मनातही येत नाही.

आता याचे परिणाम. व्हेल शार्कच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी प्रत्येकाची वेगळी असते, त्यावरून संशोधक एकेक प्राणी ओळखतात. 2012 आणि 2013 मध्ये इथे 158 वेगवेगळे शार्क नोंदले गेले. बहुतेक नर आणि सरासरी लांबी साडेपाच मीटर, म्हणजे अजून वयात न आलेले. हा प्राणी मुळात भटका, अन्नाच्या मागे शेकडो किलोमीटर जाणारा. त्यातले काही महिनोन्‌महिने इथेच राहिलेले दिसले. जवळजवळ निम्म्या शार्कच्या अंगावर बोटीच्या पंख्याने कापल्याच्या खुणा होत्या. तान-आवानच्या होड्यांना पंखे नाहीत हे खरं. पण होडी म्हणजे अन्न असं शिकलेला प्राणी पुढच्या गावाच्या समुद्रात गेल्यावर इंजिनाच्या बोटीपासून लांब कशाला राहील? शिवाय तान-आवानच्या प्रवाळांची शेजारच्या प्रवाळांशी तुलना केलेला अभ्यासही आहे. जिथे रोज खाणं पडतं आणि शेकडो माणसं उतरतात, तिथे प्रवाळ कमी आणि शेवाळ जास्त आढळलं. मारत नाहीत, कापत नाहीत, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. फिलिपिन्समध्ये व्हेल शार्क पकडायला 1998 पासून बंदीच आहे. पण न मारणं एवढीच अट पुरेशी नाही.

आता सुमिलोन. तुम्हाला तो भाग फाटे फोडणारा वाटला, पण ओस्लोबची ओळख करून द्यायला बसल्यावर मी तो टाळूच शकत नव्हते. मच्छीमाराचं हित कशात आहे याचा इतका स्पष्ट पुरावा जगात फार कमी ठिकाणी सापडतो, आणि तो याच नगरपालिकेच्या हद्दीत आहे.

सुमिलोन हे ओस्लोबसमोरचं जेमतेम 24 हेक्टरचं बेट. 1974 मध्ये समुद्रापलीकडच्या दुमागेते शहरातल्या सिलिमान विद्यापीठाने ओस्लोब नगरपालिकेला बरोबर घेऊन या बेटाभोवतीच्या प्रवाळांचा साधारण चौथा हिस्सा मासेमारीला बंद केला. फिलिपिन्समधलं हे पहिलं सागरी राखीव क्षेत्र. यामागे होते आंगेल आल्काला हे जीवशास्त्रज्ञ. त्यांना 1992 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि 2014 मध्ये त्यांच्या देशाने राष्ट्रीय शास्त्रज्ञ म्हणून गौरवलं. 2023 मध्ये ते गेले. उरलेल्या तीन हिश्शांत मच्छीमारी चालूच होती: बांबूचे सापळे, गळ, जाळी. बंद भागात मासा वाढला, मोठा झाला आणि बाहेर येऊ लागला. बाहेरची पकड वाढली.

मग 1984 च्या सुमाराला स्थानिक राजकारणात हे राखीव क्षेत्र मोडलं. बंद भागात जाळी शिरली, सुरुंग शिरले, मुरो-आमीही शिरली. नुसता विचार केला तर मच्छीमाराला चौथा हिस्सा जास्त मिळाला, म्हणजे मासाही जास्त मिळायला हवा. झालं उलटं. आल्काला आणि ऑस्ट्रेलियाचे गॅरी रस यांनी मोडण्याआधीची आणि नंतरची पकड मोजून ठेवली होती. दोन वर्षांत ती जवळजवळ निम्म्यावर आली. सगळा समुद्र खुला झाला आणि मासा मात्र कमी पडला. ही मोजणी त्यांनी 1990 मध्ये प्रसिद्ध केली, आणि आज जगभर राखीव क्षेत्रांच्या बाजूने बोलताना सुमिलोनचं नाव घेतलं जातं.

तुमच्या मालवणच्या मुद्द्याचं उत्तरही इथेच आहे. 1987 मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य वरून जाहीर झालं, मच्छीमारांना विश्वासात घेतलं गेलं नाही, आणि त्यांनी विरोध केला तो योग्यच होता. पण सुमिलोन मोडण्याआधीच तीच सिलिमानची माणसं पलीकडच्या नेग्रोस बेटाजवळच्या आपो या छोट्या बेटावर वेगळ्या तऱ्हेने कामाला लागली. आपो हे दाउइन नगरपालिकेचं एक बारांगाय. तिथे आधी मच्छीमारांशी वर्षानुवर्षं बोलणं झालं, 1982 मध्ये त्यांनी स्वतः किनाऱ्याचा एक तुकडा बंद केला, पहारा स्वतः ठेवला, आणि 1985 मध्ये नगरपालिकेने त्याला ठरावाचं बळ दिलं. ते राखीव क्षेत्र टिकलं. तेव्हा राखीव क्षेत्र म्हटलं की मच्छीमार बाहेर, हे गणित सगळीकडे लागू पडत नाही. निर्णय कुणी घेतला आणि पहाऱ्यावर कोण उभं आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

आणि फिलिपिन्समध्ये तो निर्णय गावाच्या हातात आहे. 1991 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने किनाऱ्यापासून 15 किलोमीटरपर्यंतचा समुद्र नगरपालिकेच्या अखत्यारीत दिला. तिथे कोणी मासे धरायचे, शुल्क किती, कुठला भाग बंद, हे नगरपालिका ठरवते. ओस्लोबसारखी जेमतेम तीस हजार वस्तीची, एकवीस बारांगायांची नगरपालिकाही. आपल्याकडच्या कुठल्या किनारी नगरपंचायतीला असा अधिकार आहे सांगा! म्हणून तान-आवानबद्दल माझं मागणं त्या 177 माणसांकडे नाही, नगरपालिकेकडे आहे. तिकिटाचा 30 टक्के वाटा तिच्याकडे येतो. त्यातून रोजच्या माणसांची संख्या बांधून देता येईल, आठवड्यातले काही दिवस खाणं बंद ठेवून शार्क काय करतात ते पाहता येईल, आणि त्या दिवसांची मच्छीमारांची कमाई भरून देता येईल. खायला घालणं हळूहळू कमी करत न्यायचं आणि त्याचा भार वल्हं मारणाऱ्यावर पडू द्यायचा नाही. यात अशक्य काही नाही. पर्यटनाच्या पैशातून ओस्लोबमध्ये पाच नवी सागरी राखीव क्षेत्रं उभी राहिली, हे त्याच 2019 च्या अभ्यासात आहे. म्हणजे हा पैसा समुद्राकडे वळवता येतो, हे त्यांनी स्वतः करून दाखवलंय.

एका प्राण्यावर अख्खं गाव टांगून ठेवण्याचा धोका 2020 च्या मार्चमध्ये दिसला. साथीमुळे पर्यटक येणं थांबलं आणि उत्पन्नही थांबलं. त्यातून गाव सावरत नाही तोच डिसेंबर 2021 मध्ये ओडेट वादळाने दक्षिण सेबू झोडपून काढलं. सुमिलोनच्या प्रवाळांतून मिळणारा मासा पर्यटकांच्या विमानावर अवलंबून नसतो. मच्छीमाराची बाजू घ्यायची तर ही बाजूही घ्यायला हवी.

आपल्या किनाऱ्यावरचं एक उदाहरण तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. जाळ्यात व्हेल शार्क किंवा कासव सापडलं आणि मच्छीमाराने जाळं कापून सोडलं, तर महाराष्ट्रात 2018 पासून 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. रक्कम पुरेशी आहे का, वेळेवर मिळते का, यावर तुम्हीच लिहा, मी आनंदाने छापेन. पण प्राणी मोकळा राहावा म्हणून मच्छीमाराला पैसे मिळावेत, ही कल्पना मला जवळची वाटते.

चर्चबद्दल एवढंच. 1830 मध्ये पायाभरणी झालेलं, प्रवाळाच्या दगडांचं ते चर्च 2008 मध्ये जळालं आणि गावाने पुन्हा उभं केलं. शेजारचं स्पॅनिश सैनिकांसाठी बांधायला घेतलेलं क्वार्तेल अमेरिकन आल्यावर अर्धवट राहिलं, त्याच्या भिंती आजही तशाच उभ्या आहेत. त्या भिंतींतला दगडही याच समुद्रातून निघाला आहे. गावाची ओळख करून देताना हे गाळणं मला बरं वाटलं नसतं.

आता तुमच्या भावाचं. ओस्लोबला जरूर जाऊ दे. सेबू शहराच्या दक्षिण बस स्थानकावरून बस मिळते, अंतर सुमारे 117 किलोमीटर, पण तीन ते चार तास धरून चालायचं. तान-आवानच्या रांगेत उभं न राहता गावात उतरावं, चर्च आणि क्वार्तेल पाहावं, सुमिलोनच्या पाण्यात उतरावं आणि जेवण गावातल्याच खानावळीत घ्यावं. व्हेल शार्क पाहायचाच असेल तर लुझोन बेटावरचं दोन्सोल आहे. तिथे 1998 पासून खायला न घालता हे पर्यटन चालतं. एका शार्कमागे एकच बोट, बोटीवर मोजकी माणसं, आणि डोलकाठीवर बसून पाण्यावरची सावली शोधणारा गावातलाच मच्छीमार. फक्त डिसेंबर म्हणजे तिथे हंगामाची सुरुवात. शार्क दिसेलच याची हमी कुणी देणार नाही, त्यामुळे शक्य असेल तर सहल फेब्रुवारी-मार्चवर ढकलायला सांगा. मुलांच्या परीक्षा आड येत असतील तर डिसेंबरातही जावं, पण मुलांना आधीच सांगून ठेवावं की कदाचित दिसणार नाही.