‘इंटेल जात नाही, एएमडी उन्हात टिकत नाही’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

दहावी-बारावीचे निकाल लागले की मुलांसाठी कॉम्प्युटर घेणाऱ्यांची गडबड सुरू होते आणि तोच मेसेज पुन्हा फिरायला लागतो. त्यात चार गोष्टी ठामपणे सांगितलेल्या असतात. इंटेलचा चिपसेट, म्हणजे मदरबोर्डावरची प्रोसेसरला ड्राइव्ह, यूएसबी वगैरेंशी जोडणारी चिप, कधीच जात नाही. एएमडी सोलापूरच्या उन्हात वर्षभरही टिकत नाही. ग्राफिक्स एनव्हिडियाचंच घ्या, एएमडीचं रेडिऑन जळतं. आणि ग्राफिक्स गेलंच तर हीट (गरम हवा) मारून घ्या, नव्यासारखं होतं. हे वाचून लोक बजेटचा मोठा हिस्सा नावावर घालतात आणि एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, मात्र मिळेल तो स्वस्तातला उचलतात. मला राग येतो तो याचा.

पहिला दावा सरळ खोटा आहे. ३१ जानेवारी २०११ रोजी इंटेलनेच जाहीर केलं, की आपल्या ६ मालिकेच्या चिपसेटमध्ये, म्हणजे पी६७, एच६७ वगैरेंमध्ये, डिझाइनचा दोष आहे. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कसारखे ड्राइव्ह जोडायच्या, ३ गिगाबिटवाल्या चार पोर्टांच्या क्लॉक सर्किटमध्ये एका ट्रान्झिस्टरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं. सुरुवातीला काहीच जाणवायचं नाही. हळूहळू त्या पोर्टांवरच्या ड्राइव्हची देवाणघेवाण बिघडत जाण्याचा धोका होता. ६ गिगाबिटचे दोन पोर्ट मात्र ठीक होते. इंटेलने माल पाठवणं थांबवलं, दुरुस्ती आणि बदलीचा खर्च ७० कोटी डॉलर धरला आणि काही आठवड्यांत बी३ ही सुधारलेली चिप आणली. त्या मालिकेतले बोर्ड आजही जुन्या बाजारात चालू स्थितीत मिळतात. कंपनी तीच, चिपसेटचं नावही तेच, तरी एक खेप दोषी आणि पुढची चांगली. नावावरून टिकाऊपणा कसा ओळखणार?

एएमडी धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. २०२१ च्या सुरुवातीला ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबीचं कनेक्शन मधूनच तुटायचं; एएमडीने ते मान्य केलं आणि बायोस (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेटने सोडवलं. एक्स५७० हा चिपसेट खरोखरच गरम, सुमारे ११ वॅटचा. म्हणून २०१९ च्या त्या बोर्डांवर छोटा पंखा आला. पण एएमडीचाच बी५५० साध्या हीटसिंकवर (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांवर) भागवतो आणि इंटेलचा झेड६९० सहा वॅटचा आहे. या दोन कंपन्यांत ऊन बघून निवड करावी असा फरक नाही.

ऊन तोडतं ते वेगळीकडे. कूलर चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त त्याहून जास्तीची उष्णता बाहेर टाकतो. खोली २५ अंशांवरून ४३ वर गेली, तर आतला प्रत्येक भाग साधारण तेवढ्याच, म्हणजे १८ अंशांनी चढतो. इंटेल असो, एएमडी असो. यात सगळ्यात आधी मरतात ते इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारे छोटे डबे. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य निम्मं होतं. १०५ अंशांना २००० तासांचा कॅपॅसिटर ६५ अंशांना सुमारे ३२,००० तास टिकतो, ८५ अंशांना फक्त ८,०००. स्वस्त एसएमपीएसमध्ये हेच फुगतात, व्होल्टेज हेलकावे खायला लागतं आणि दोष मात्र चिपसेटच्या माथी.

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत, यंत्रमागाला लागून ऑफिस असेल तर त्यात सुताचे तंतू मिळवा. टॉवेलच्या कारखान्यातला कॉम्प्युटर उघडला की हीटसिंकच्या पात्यांवर अक्षरशः कापडाचा थर बसलेला असतो. पंखा जोरात फिरतो, हवा मात्र आरपार जात नाही. असं मशीन दर दोन महिन्यांनी उघडून ब्लोअर मारावा, मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. कारखान्यातल्या कंप्रेसरची हवा थेट मारू नये, तिच्यातून पाणी येतं.

अर्थिंगकडे तर कुणीच बघत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग बहुधा लागलेलंच नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून येणारा करंट जमिनीत जायला वाट शोधत असतो. अशा मशीनला दुसऱ्या ठिकाणी अर्थ झालेला टीव्ही एचडीएमआयने जोडला, की तो करंट ग्राफिक्सच्या पोर्टमधून जातो. मग ‘रेडिऑन जळलं’. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. मार्चपासून त्यात पाणी घालत राहा आणि इलेक्ट्रिशियनकडून एकदा मोजून घ्या.

आता एनव्हिडिया. जुलै २००८ मध्ये कंपनीने लॅपटॉपमधल्या काही ग्राफिक्स चिप आणि चिपसेटच्या पॅकेजिंगमधल्या कमकुवत सामग्रीपायी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. गरम-थंड होऊन होऊन चिपखालचे सोल्डरचे सूक्ष्म ठिपके तडकत होते. रेडिऑनचंही झालं. फेब्रुवारी २०१५ मध्ये ॲपलने २०११ ते २०१३ च्या काही मॅकबुक प्रोंची ग्राफिक्सदुरुस्ती मोफत सुरू केली. त्यातल्या २०११ च्या मशीनमध्ये रेडिऑन होतं, नंतरच्यांत एनव्हिडिया. एकाच यादीत दोघं.

हीट मारण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. तडा चिपच्या पॅकेजच्या आत असतो. हॉट एअरने तो तात्पुरता चिकटतो, डिस्प्ले येतो, गिऱ्हाईक पैसे देऊन जातं आणि काही आठवड्यांत परत येतं. रिबॉल केल्यानेही आतला तडा जात नाही, कारण त्यात बदलले जातात ते पॅकेज बोर्डाला जोडणारे खालचे सोल्डरचे गोळे. चिपच बदलायची, नाहीतर खर्च करायचा नाही.

आणि मुळात डिस्प्ले नाही म्हणजे ग्राफिक्स गेलं असंही नाही. आधी रॅम काढून पट्ट्या पुसा, दुसरा एसएमपीएस लावून बघा. कार्ड काढूनही डिस्प्ले येत नाही म्हणून बोर्डाला मेलेला ठरवणारे पाहिले आहेत. प्रोसेसर होता इंटेलचा १२४००एफ. त्यात अंगचं ग्राफिक्स नसतंच, कार्डाशिवाय डिस्प्ले येणार कुठून? एएमडीच्या रायझन ५६०० चंही तेच.

‘आमच्याकडे एएमडीच जास्त येतात’ असं कुणी सांगितलं तर विचारा, विकले किती होते? बोर्ड कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, एसएमपीएस कोणता? चिपसेटची वेगळी वॉरंटी तुमच्या हातात कधीच नसते, ती बोर्ड बनवणाऱ्या कंपनीची असते. म्हणून पावतीवर नुसतं ‘इंटेल बोर्ड’ लिहून घेऊ नका. पूर्ण मॉडेल, रिव्हिजन आणि सिरियल नंबर लिहून घ्या.