‘वाटसरू’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर, जरा लांबलेलं

बोलिव्हियावरच्या माझ्या लेखाखाली ‘वाटसरू’ या नावानं आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली असेल. ज्यांची राहिली त्यांच्यासाठी सार सांगतो. उयुनीच्या मिठाच्या मैदानाला मी नको तेवढी जागा दिली. चिकितोस भागातली जेझुइट (त्या ख्रिस्ती संघाच्या पाद्र्यांनी बांधलेली) चर्चं दोन ओळींत गुंडाळली. विरळ हवेचा त्रास हसण्यावारी नेला. शाकाहारी माणसानं तिथे काय खायचं ते सांगितलंच नाही. पीतज्वराच्या लशीबद्दल अवाक्षर नाही. पोतोसीची चांदीची खाण म्हणजे ऐंशी लाख माणसांची कबर आहे आणि मी तिथे लोकांना सहलीला पाठवतो आहे. आणि मग शेवटचं वाक्य, जसंच्या तसं: ‘दुसऱ्याच्या फुप्फुसातली धूळ बघायला तिकीट काढून जाणाऱ्या सुखवस्तू माणसाने इतरांना “हे चुकवू नका” म्हणून सांगावं, याची लाज वाटते.’

लशीचा मुद्दा बरोबर आहे. बोलिव्हियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, नसेल तर विमानतळावरूनच विलगीकरणात रवानगी होऊ शकते. लस निदान दहा दिवस आधी घ्यायची. लेखात ही ओळ आता घातली आहे. आभार.

आता ते शेवटचं वाक्य.

वाटसरू, तुम्ही मला भेटलेला नाहीत. तरी मी सुखवस्तू आहे हे तुम्हाला कळलं. कशावरून? दक्षिण अमेरिकेला गेलो म्हणून? मग तुम्हीही चिकितोसला जाऊन आलात असं तुम्हीच वर लिहिलं आहे. तुमचं तिकीट कुणी काढलं होतं?

हे लिहायचं नव्हतं, पण तुम्ही भाग पाडलंत. माझं बालपण चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला गेलं. बाबा कोळशाच्या खाणीत होते. अंडरग्राउंडला, लोडर म्हणून लागले होते. अवेळी भोंगा वाजला की आई शेगडीवरचा तवा खाली उतरवून दारात येऊन उभी राहायची, शेजारच्या बायकाही यायच्या, आणि कुणीच कुणाशी बोलायचं नाही. रातपाळी संपवून बाबा घरी आले की आंघोळीनंतरही त्यांच्या डोळ्यांच्या कडा काळ्याच राहायच्या. आम्हा मुलांना ते काजळ वाटायचं. तेव्हा दुसऱ्याच्या फुप्फुसातली धूळ बघायला मला कधी तिकीट काढावं लागलेलं नाही. ती आमच्या घरी पुढच्या खोलीत, पलंगावर उशांना टेकून खोकत बसायची. निवृत्तीच्या वेळी कागदावर ‘दमा’ एवढंच लिहिलं गेलं. धुळीचा आजार असं लिहिलं असतं तर भरपाई द्यावी लागली असती, असं कॉलनीत सगळे म्हणायचे. खरंखोटं करायला बाबा राहिले नाहीत.

तेव्हा लाज वगैरे शब्द वापरताना समोर कोण आहे याची जरा चौकशी करावी. लेखाच्या कडेला माझी ओळख दिलेली आहे. त्यात घुग्घुस हे नावही आहे. एवढं वाचायचे कष्ट घेतले असते तर पुढचं सगळं टळलं असतं.

दुसरं म्हणजे मी काय लिहिलं होतं ते तरी नीट बघा. पोतोसीवरच्या परिच्छेदात खाणीत उतरण्याबद्दल एकच वाक्य आहे. बाकीचा परिच्छेद गावाबद्दल आणि डोंगराबद्दल आहे. ‘चुकवू नका’ हे त्या गावाला उद्देशून आहे आणि ते मी पुन्हा म्हणेन. १५४५ साली सेर्रो रिको या डोंगराच्या पोटात चांदी सापडली आणि समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरवर, जिथे धड काही पिकत नाही, तिथे असं शहर उभं राहिलं की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची वस्ती दीड लाखाच्या वर गेली होती. १५७०च्या दशकात स्पेनच्या राजाचा इथला व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो यानं ‘मिता’ची वेठ बसवली. इंका राजवटीतली पाळीपाळीनं काम करायची जुनी रीत त्यानं उचलली आणि तिचा फास केला. दूरदूरच्या प्रांतांतून दर वर्षी सुमारे १३,००० पुरुष आपापली गावं सोडून इथे येणार, कुटुंबं आणि लामांचे कळप घेऊन महिनोन्‌महिने चालत. पाऱ्यानं चांदी वेगळी करायची, त्या पाऱ्याच्या वाफेनं वेगळी माणसं मरायची.

ऐंशी लाखांचा आकडा मात्र तुम्ही कुठून उचललात ते मला माहीत आहे, कारण तो सगळीकडे फिरत असतो. त्याला नोंदींचा आधार नाही. माणसं मेली, अफाट मेली, पण आकडा फेकून समोरच्याचं तोंड बंद करायचं असेल तर निदान आकडा तरी तपासून घ्यावा. तुम्ही मला बेजबाबदार म्हणालात म्हणून हे लिहिलं, एरवी सोडून दिलं असतं.

आणि ही चांदी आपल्यापासून फार लांबची नाही. स्पॅनिश नाण्यांच्या रूपानं ती युरोपात गेली, तिथून व्यापाऱ्यांच्या जहाजांनी सुरतेला आली, आणि सुरतेच्या टाकसाळीत वितळून तिचे मुघली रुपये झाले. १६६४ साली महाराजांनी सुरत लुटली तेव्हा त्या लुटीत सेर्रो रिकोचा चुरासुद्धा नव्हता असं कुणी छातीठोकपणे सांगू शकेल का? (हे इतिहासकारांनी अंगावर घेऊ नये, मी आपलं मनातलं बोललो.) पोतोसीत कासा दे ला मोनेदा ही जुनी टाकसाळ आहे, आजची इमारत १७७३ साली पुरी झाली. चांदीच्या पट्ट्या लाटायची लाकडी यंत्रं अजून जागेवर आहेत, खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरायची आणि वरच्या मजल्यावर चाकं चालायची. तिथेच एक निनावी चित्र आहे: मेरी माता आणि डोंगर एकच. तिचा घागरा म्हणजे सेर्रो रिकोचा उतार, त्या उतारावर माणसं, जनावरं, वाटा. मी त्या चित्रासमोर बराच वेळ थांबलो. ते चित्र बघायला जाणं हाही तमाशाच का?

खाणीबद्दल. होय, मी उतरलो. गाईड स्वतः आधी खाणीतच काम करायचा. आधी खाणकामगारांच्या बाजारात जायचं, कामगारांना द्यायला चघळायची कोकाची पानं, सरबताच्या बाटल्या घ्यायच्या. तिथे दुकानात डायनामाइटही मिळतं, गिऱ्हाइकं तेही भेट म्हणून नेतात. आत गेल्यावर एका कोनाड्यात एल तिओ, खाणीचा धनी, बसलेला असतो, शिंगं असलेली मातीची मूर्ती. चर्च जमिनीच्या वर, आत सगळं याच्या मर्जीवर. शुक्रवारी त्याच्यापुढे दारू शिंपडतात, तोंडात पेटती सिगारेट ठेवतात. आमच्या खाणीच्या तोंडाशी देवीचा फोटो होता आणि पाळीवर जाणारा प्रत्येक जण चौकटीला हात लावून आत जायचा, त्यामुळे मला हे चमत्कारिक वाटलं नाही. तुम्हाला वाटलं असतं कदाचित.

आत एक जरा वयस्कर माणूस बसून पानं चघळत होता. माझे वडील भारतात खाणीत होते, हे गाईडनं त्याला सांगितलं. त्यानं एकच प्रश्न विचारला: पेन्शन मिळाली का? मिळाली, म्हटलं. त्यावर तो गाईडला काहीतरी बोलला. गाईडनं ते मला सांगितलं नाही. १९५२च्या क्रांतीनंतर बोलिव्हियातल्या मोठ्या खाणी सरकारी झाल्या होत्या. १९८५ साली कथिलाचा भाव कोसळला आणि हजारो कामगार घरी बसले. आज सेर्रो रिकोत बहुतेक जण सहकारी संस्थांच्या नावाखाली खोदतात. ‘सहकारी’ म्हणजे सापडलं तर तुझं, नाही सापडलं तर तूही तुझाच. डोंगर वारुळासारखा पोखरला गेला आहे, शिखराजवळची जमीन खचली, २०१४ साली युनेस्कोनं पोतोसीला धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. हे सगळं मी त्या परिच्छेदात लिहिलं होतं. तुम्ही त्यातून ‘चुकवू नका’ एवढंच उचललंत.

मला खरंच विचारायचं होतं तर सरळ विचारता आलं असतं: तुम्हाला तिथे अवघडल्यासारखं झालं का? तिथल्या माणसांना पाहुणे आलेले आवडतात का? त्या पैशातलं किती त्यांच्या हातात पडतं? हे प्रश्न मला पडत नाहीत असं तुम्ही गृहीत धरलंत. नीट विचारलेल्या प्रश्नाला मी नीट उत्तर देतो, इथले जुने वाचक सांगतील. कुणाला ‘लाज वाटते’ म्हणून सुनावलं की मग उत्तर द्यायची इच्छा राहत नाही.

बाकीचं भराभर.

उयुनी. दहा हजार चौरस किलोमीटरपेक्षा मोठं, जगातलं सगळ्यात मोठं मिठाचं मैदान आहे हो. बोलिव्हियाला जाणारे बरेच जण त्याच्यासाठीच जातात. त्याला जागा द्यायची नाही तर कुणाला? आरशासारखं पाणी पावसाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च. पण तेव्हा मधल्या इंकावासी बेटापर्यंत, त्या उंच निवडुंगांपर्यंत, गाड्या बऱ्याचदा जाऊ शकत नाहीत. कोरड्या मोसमात मिठाचे षटकोन दिसतात. दोन्ही एकदम मिळत नाही, आणि मिळतं असं मी म्हटलेलं नाही.

चिकितोसला जागा कमी पडली, हे मान्य. मी तिथे गेलेलो नाही म्हणून कमी पडली. मार्टिन श्मिट या स्विस जेझुइटानं बांधलेली लाकडी खांबांची चर्चं, १९७२पासून हान्स रोथ या वास्तुतज्ज्ञानं केलेली त्यांची डागडुजी, त्यात सापडलेल्या जुन्या संगीताच्या हजारो पानांमुळे तिथे पुन्हा वाजू लागलेलं बरोक (त्या काळचं युरोपीय) संगीत, १९९०ची युनेस्कोची नोंद, हे सगळं मी वाचलेलं आहे. पण न बघितलेल्या ठिकाणावर पानभर लिहायला प्रवासी कंपन्यांची माहितीपत्रकं आहेत. तुम्ही बघून आला आहात, तर तुम्हीच लिहा. मी लिंक देईन.

विरळ हवा. ला पाझचा विमानतळ चार हजार मीटरच्या वर आहे. थेट तिथे उतरू नका, सांता क्रूझला उतरा, मग सुक्रे (सुमारे २,८०० मीटर), तिथे दोनतीन दिवस काढून पोतोसी. हे लेखात होतं, तिसऱ्या परिच्छेदात. हसण्यावारी कुठे नेलं ते मला सापडलं नाही. डोकं दुखलं तर कोकाचा चहा घ्या असं लिहिलं, त्यावरून तुम्ही मला वैदू ठरवलंत. गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्याव्या, हे काय मी सांगायला हवं?

शाकाहार. किन्वा हे धान्य आहे, बटाटे तर असंख्य जातींचे आहेत, रात्रीच्या थंडीत गोठवून आणि पायांनी तुडवून वाळवलेला बटाटा, म्हणजे चुन्यो आहे (चव सांगत नाही, स्वतः घ्या). शेंगदाण्याचं सूप, सोपा दे मानी, दिसायला आपलं वाटतं, पण त्याचं पाणी बहुधा मांसाचं असतं, विचारून घ्या. बाजारातल्या बायका हसतील, पण सांगतील.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. तिला तिघांनी अंगठा दिला आहे, तोही तिथेच आहे. फक्त पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहिलंत तर बरं होईल. मी माझ्या नावानं लिहितो.