निवड चाचणीचा एक दिवस

प्रादेशिक उन्हाळी क्रीडास्पर्धेच्या निवड चाचण्या आटोपल्या, की आमच्या कट्ट्यावर तोच जुना वाद नव्याने पेटतो: निवड एका दिवसाच्या चाचणीवर करावी, की वर्षभराच्या कामगिरीवर? यंदा ठिणगी पडली ती मास्तरांच्या एका शिष्येमुळे. लांब उडीच्या तिच्या तिन्ही उड्या फाऊल ठरल्या आणि शेवटच्या खेपेला तर बुटाचे टोक फळीच्या पुढे जेमतेम नखभर गेले होते. वर्षभर जी मुलगी सरावात सगळ्यांच्या पुढे असते, ती एका सकाळच्या नखभर चुकीने बाद व्हावी, ही कसली निवड, असा मास्तरांचा सवाल होता.

मास्तरांनी आधाराला १९९२ सालचे डेकॅथलॉनपटू (दहा प्रकारांच्या एकत्रित गुणांची स्पर्धा खेळणारे) डॅन ओब्रायन यांचे उदाहरण घेतले. आदल्याच वर्षी जगज्जेता ठरलेला हा खेळाडू अमेरिकेच्या ऑलिंपिक निवड चाचणीत बांबूउडीच्या ४.८० मीटर उंचीवर तिन्ही प्रयत्नांत अडखळला, त्या प्रकारात त्याला शून्य गुण मिळाले आणि त्याचे ऑलिंपिक हुकले; त्याच वर्षी सप्टेंबरात मात्र त्याने ८८९१ गुणांचा विश्वविक्रम केला. चाचणीत निदान ‘सर्वांना एकच नियम’ असतो, असे म्हणणारा आमच्यातला वकील हे ऐकून घेणारा नव्हताच. खालच्या उंचीवर उडी न मारता थेट ४.८० ला सुरुवात करण्याचा निर्णय खुद्द ओब्रायननेच घेतला होता, तेव्हा दोष चाचणीला कसा देता, असे त्याने विचारले. शिवाय वर्षभराची कामगिरी पाहायची म्हटले, की ती कोणी पाहायची हा प्रश्न येतो आणि त्याच फटीतून वशिला आत शिरतो, हा त्याचा ठरलेला मुद्दा त्याने पुन्हा मांडला. या मुद्द्यावर मास्तर दर वेळी गप्प होतात, तसे याही वेळी झाले.

माझा आक्षेप मात्र दोघांवरही होता, कारण चाचणी एक दिवसाची असो वा दहा दिवसांची, मोजमाप कच्चे असेल तर वकिलाचा ‘सर्वांना एकच नियम’ कागदावरच राहतो. मी स्वतः अंतिम रेषेवर स्टॉपवॉच धरून उभा राहिलो आहे. शंभर मीटरच्या शर्यतीत पिस्तुलाचा आवाज रेषेपर्यंत पोहोचायला जवळपास ०.३ सेकंद लागतो, म्हणून घड्याळ आवाजावर नव्हे, तर धूर दिसताच सुरू करायचे असते. नवखा वेळाधिकारी नेमका आवाजाची वाट पाहतो आणि त्याच्या वाट्याचा धावपटू विनाकारण वेगवान ठरतो. पुढची गंमत अशी, की हाताने घेतलेली वेळ वरच्या दशांशात धरतात. त्यामुळे ११.२० ची वेळ ११.२ च राहते, पण ११.२१ ची ११.३ होते आणि ११.३० चीही ११.३ च. आता दोन वेगवेगळ्या हीटमधल्या, म्हणजे प्राथमिक शर्यतींमधल्या, मुलांची तुलना अशा आकड्यांवर करायची, त्यातही एका हीटला वारा पाठीशी आणि दुसरीला समोरून, तर निवडले कोणाला, धावपटूला की वाऱ्याला? निदान निवड अंतिम शर्यतीतल्या क्रमांकावर करावी, म्हणजे वारा सर्वांना सारखाच राहील. वकिलाने हे मान्य केले, पण त्याचा चेहरा खटला हरल्यासारखा मुळीच दिसत नव्हता.

इतका वेळ शेंडीला गाठ मारून बसल्यासारखा गोलकीपर गप्प होता. तो म्हणाला, “तुमच्याकडे निदान घड्याळ आणि फूटपट्टी तरी आहे. आम्हां सांघिक खेळवाल्यांनी काय मोजायचे?” त्याच्या चाचणीत उपस्थित खेळाडूंचे दोन संघ पाडून सामना खेळवला होता. त्याच्या बाजूची बचावफळी इतकी भक्कम निघाली, की सबंध सामन्यात चेंडू त्याच्याकडे दोनदाच आला आणि दोन्ही वेळा तो सरपटतच आला. समोरच्या गोलरक्षकावर मात्र फटक्यांचा पाऊस पडला. त्याने तीन गोल खाल्ले, पण डझनभर अडवले, आणि निवडकर्त्यांच्या डोळ्यांत भरला तो तोच.

“मग तुझ्यावर अन्याय झाला, असेच ना?” मास्तरांनी उत्साहाने विचारले. गोलकीपरने नकारार्थी मान हलवली. त्याच्या मते दिसले त्यावरून निवडकर्त्यांनी योग्यच खेळाडू घेतला होता. मध्यंतरात दोन्ही गोलरक्षकांची अदलाबदल मात्र करायला हवी होती, आणि ते सुचवायला तो स्वतःही त्या दिवशी धजावला नव्हता.