इंटरकूलर म्हणजे निव्वळ शोभा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सुपरचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारा पंप) असलेल्या जेट बोटीला बाजारातला इंटरकूलर (ती दाबलेली हवा थंड करणारा भाग) बसवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत: बोट पाण्यातच चालते आणि इंजिन कधी तापत नाही, मग हा खर्च कशासाठी, इंटरकूलर बसवल्यावर बूस्ट (सुपरचार्जरने दिलेला जादा दाब) एक पीएसआयने (पीएसआय हे दाबाचे एकक) घटतो हे मीच लिहिले आहे, म्हणजे व्यवहार तोट्याचा झाला, आणि हलच्या (बोटीच्या सांगाड्याच्या) आत पाण्याची आणखी एक नळी ओढणे म्हणजे बोट बुडवण्याची सोय करून ठेवणे. तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून पहिले दोन आधी निकालात काढतो.

इंजिन तापणे आणि इंजिनात शिरणारी हवा तापणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तापमानाचा काटा आपल्याला फक्त पहिलीच दाखवतो. हवा दाबली की ती तापते. हे काम सुपरचार्जरच करतो, आणि सभोवती कितीही पाणी असले तरी ते त्या हवेपर्यंत आपण होऊन पोहोचत नाही. समजा बाहेरची हवा ३५ अंश सेल्सिअस आहे, बूस्ट सुमारे ०.६ बार आहे आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६५ टक्के आहे. गणित केले तर बाहेर पडणारी हवा १०० अंशांच्या थोडी वर जाते. अशी हवा सिलिंडरमध्ये पुन्हा दाबली गेली की नॉकिंगचा (इंधन-हवेचे मिश्रण अनियंत्रितपणे पेटण्याचा) धोका वाढतो, आणि नॉकिंगने पिस्टनचा माथा खाल्ला जात असताना कूलंटचा काटा जागचा हलत नाही. त्यातच बोटीला उतार नसतो. रस्त्यावरची गाडी पूर्ण बूस्टवर काही सेकंद राहते, बोट मात्र थ्रॉटल पूर्ण उघडला की मिनिटेच्या मिनिटे तिथेच राहते. म्हणून बोटीला इंटरकूलरची गरज गाडीपेक्षा कमी नसून जास्त आहे, असे माझे मत आहे.

आता घटलेल्या बूस्टविषयी. बूस्टचा काटा दाब मोजतो, हवेचे वस्तुमान मोजत नाही. वरच्याच उदाहरणात पाणी २५ अंशांचे असेल आणि इंटरकूलरची परिणामकारकता ७० टक्के असेल, तर १०३ अंशांची हवा सुमारे ४८ अंशांवर येते. ०.०७ बार, म्हणजे आपला तो एक पीएसआय, वजा केल्यानंतरही सिलिंडरला दर खेपेस सुमारे १२ टक्के जास्त हवा मिळते. मात्र घट तीन-चार पीएसआय असेल तर आपली तक्रार शंभर टक्के रास्त ठरेल. तेव्हा कोअर (इंटरकूलरचा उष्णता काढून घेणारा गाभा) लहान आहे किंवा एखादी नळी वळणावर दबली आहे असे समजावे. कारखान्यांनीही हाच मार्ग धरला. रोटॅक्स या इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या १४९४ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनाची १८५ अश्वशक्तीची सुपरचार्ज्ड आवृत्ती इंटरकूलरविना आली, २१५ च्या आवृत्तीत तो इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या) आतच बसवला गेला, आणि २५५ साठी तो बाहेर काढून मोठा केला गेला. शक्तीतला सगळा फरक इंटरकूलरचा नव्हे, हे अर्थातच खरे.

आपल्या ओळखीच्या बोटीचा वेग इंटरकूलर बसवूनही वाढला नाही, असे आपण जाता जाता लिहिले आहे. त्याचे कारण बहुधा इंपेलरमध्ये, म्हणजे पाणी मागे फेकून बोट ढकलणाऱ्या जेट पंपाच्या पात्यांच्या चाकात, सापडेल. जेट पंपाला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे १२ टक्के जादा शक्तीने फेरे चार टक्क्यांच्या आसपासच वाढतात. मिनिटाला ८००० फेऱ्यांवर चालणारे इंजिन ८३०० कडे जाऊन रेव्ह लिमिटरला (फेऱ्यांची कमाल मर्यादा राखणाऱ्या यंत्रणेला) टेकते आणि मिळवलेली शक्ती तिथेच अडकते. इंपेलरची पिच (पात्यांचा कल) वाढवून फेरे पुन्हा मूळ मर्यादेत आणावे लागतात. हवेच्या तापमानाचा सेन्सर कुठे आहे तेही पाहावे. तो इंटरकूलरच्या आधी राहिला तर ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) हवा गरमच दिसते आणि तो त्या हिशेबाने इंधन कमी देतो. थंड, दाट हवेला इंधन कमी पडणे हा शुद्ध घात आहे.

आता पाण्याचा प्रश्न. इथे आपली भीती मला पूर्ण मान्य आहे. इंटरकूलरला पाणी जेट पंपाच्या दाबावर येते आणि वेगात हा दाब बूस्टपेक्षा बराच जास्त असतो. म्हणून कोअरला आतून चीर गेली तर हवा पाण्यात जात नाही, पाणी हवेत जाते आणि तिथून सिलिंडरमध्ये. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो. नळी बाहेरून निसटली तर पंप तितक्याच इमानाने हल भरू लागतो. हे धोके टळतात ते जोडणीच्या शिस्तीने. कोअर बसवण्याआधी पाण्याच्या बाजूला दाब देऊन तो काही तास टिकतो का ते पाहावे. पाणी पंपावरून स्वतंत्र घ्यावे. एक्झॉस्ट थंड करणाऱ्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) लावून घेतले तर दोघेही अर्धपोटी राहतात. पाण्याच्या प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प असावेत. बूस्टच्या सिलिकॉन नळ्यांवर साधे खाचांचे क्लॅम्प लावू नयेत, कारण काही दिवसांत त्या खाचांतून सिलिकॉन शेवयांसारखे बाहेर येताना दिसते आणि नळी तिथेच कापली जाते. टी-बोल्ट क्लॅम्प आणि कडेला उंचवटा असलेला पाइप, ही जोडी टिकते. इंजिन रबरी माउंटवर हलते आणि इंटरकूलर बोटीच्या हलशी घट्ट जोडलेला असतो, म्हणून दोहोंमधल्या नळीत फुगीर, लवचिक तुकडा लागतोच.

पाणी बाहेर पडण्याचे छिद्र जलरेषेच्या वर आणि चालकाला दिसेल असे ठेवावे. ती धार बारीक झाली की गाळणीत वाळू किंवा शेवाळ अडकले, हे काट्याच्या आधी कळते. खाऱ्या पाण्यातून आल्यावर कोअर गोड्या पाण्याने धुवावा. इंजिनाचे फ्लशिंग (आतून पाण्याने धुणे) वेगळे करताना आधी इंजिन चालू करून मग पाणी सोडावे आणि बंद करताना आधी पाणी बंद करावे, नाहीतर एक्झॉस्टमधून पाणी मागे चढते. ॲल्युमिनियमच्या सांध्यावर पांढरी भुकटी दिसू लागली, तर तो कोअर काढून पुन्हा दाब देऊन पाहावा.

आपली बोट मूळ बूस्टवर आहे आणि तिच्या मॅनिफोल्डमध्ये कारखान्याचाच इंटरकूलर आहे, असे आपण लिहिले आहे. तेव्हा माझा सल्ला असा की काही विकत घेण्याआधी मॅनिफोल्डमधल्या हवेचे तापमान दीर्घ, पूर्ण थ्रॉटलच्या फेरीत मोजावे. ते पाण्याच्या तापमानापेक्षा २०-२५ अंशांहून फार वर जात नसेल, तर बोट जशी आहे तशीच ठेवावी. सतत चढतच राहिले, तर आधी आतला कोअर गाळाने भरला आहे का ते तपासावे आणि मगच बाहेरच्या इंटरकूलरचा विचार करावा.