लॅक्सटनमध्ये खुल्या शिवाराची शेती अजून जिवंत आहे

शिवारांना कुंपणं घालून ती खासगी करणाऱ्या कायद्यांनी इंग्लंडमधली खुल्या शिवाराची शेती, म्हणजे मोठ्या बिनकुंपणाच्या शिवारात प्रत्येकाने आपापले पट्टे कसण्याची पद्धत, पार पुसून टाकली, असं तुमच्या लेखात म्हटलंय. लेख आवडला, पण नॉटिंगहॅमशरमधलं लॅक्सटन हे खेडं त्या कायद्यांतून वाचलंय, आणि त्याचा उल्लेख राहून जाऊ नये असं मनापासून वाटतं.

१६३५ साली मार्क पिअर्स नावाच्या मोजणीदाराने या गावाचा नकाशा काढला. शिवारातला एकेक पट्टा आणि तो कसणाऱ्याचं नाव त्यात सापडतं. तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. गावाची तीन मोठी शिवारं आजही आहेत. एकात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतातलं पीक, तिसरं पड, आणि दरवर्षी हा क्रम पुढे सरकतो. पट्ट्यांमध्ये कुंपण नाही.

मग बांध कोरण्याचं काय? आपल्याकडे त्यावरून भावकीच्या पिढ्या कोर्टात जातात. लॅक्सटनमध्ये शेतकऱ्यांचेच पंच नोव्हेंबरअखेर गव्हाच्या शिवारात फिरतात, हद्दीच्या खुंट्या ठोकतात आणि कुणी नांगर रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या पट्ट्यात घातला असेल तर दंड सुचवतात. पुढे गावसभेचं न्यायालय तो कायम करतं. वकील लागत नाही. मला यातलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं.

जमीन १९५२ साली सरकारच्या कृषी खात्याने घेतली, १९८१मध्ये ती क्राउन इस्टेटकडे (ब्रिटिश राजसत्तेच्या मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या संस्थेकडे) गेली आणि २०२०मध्ये थोर्सबी इस्टेट या खासगी जमीनदारीकडे. मालक बदलले, पण पंचांची फेरी अजून निघते.