डबी झोपते, खापर मॉड्यूलवर

महिनाभर ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या कारखानदारांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: नॅनो, पिको, ईएसपी३२ असली तयार मॉड्यूलं (चिप बसवून आलेले छोटे कंट्रोलर बोर्ड) बर्ग स्ट्रिपमध्ये, म्हणजे पिनांच्या पट्टीत, खोचून वस्तू विकणारा तो इंजिनिअर नव्हे, जुगाडू. कारणं पाच. ही खेळणी आहेत, पॅनलमध्ये टिकत नाहीत. महाग पडतात. पत्र्याच्या टोपीखाली काय दडलंय ते कळत नाही. कोणीही कॉपी मारतं. आणि पोरं काही शिकत नाहीत.

मला तो सात जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी वर ‘खास तुझ्यासाठी’ असं लिहून. वागळे इस्टेटमधल्या माझ्या गाळ्यात गेली पंधरा वर्षं हाच धंदा चालतो, त्यामुळे टोमणा बरोब्बर पोचला.

टिकत नाहीत, हा पहिला मुद्दा. कळव्यातल्या एका सोसायटीत मी पाण्याच्या टाकीचा कंट्रोलर बसवला होता. झिरो पीसीबी (नुसत्या भोकांचा कोरा बोर्ड), त्यावर नॅनो, बाजूला रिले. आठवड्यात पंप ऑपरेटरचा फोन: “साहेब, पंप बंद झाला की तुमची डबी पण झोपते.” तेव्हा मीही या मेसेजवाल्यासारखाच विचार केला. म्हटलं, क्लोन, म्हणजे नक्कल केलेला नॅनो, दुसरं काय होणार. रात्र जागून नॅनोमधलीच एटीमेगा३२८पी चिप, पण २८ पायांची सुटी, आयसी बेसवर बसवून नवा बोर्ड केला. स्वतःचा क्रिस्टल, स्वतःचे २२ पिकोफॅरडचे कपॅसिटर, सगळं घरचं. तोही तिसऱ्या दिवशी झोपला.

मग पॅनलसमोर स्टूल टाकून बसलो. पंप सुरू होताना कधीच अडत नव्हतं, अडायचं ते फक्त बंद होताना. पंप चालू-बंद करणारा मोठा स्विच म्हणजे कॉन्टॅक्टर. त्याच्या कॉइलचा पुरवठा तुटला की तिच्यात साठलेली ऊर्जा व्होल्टेजचा झटका होऊन बाहेर पडते, आणि त्या कॉइलवर मी स्नबर (झटका गिळणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावलाच नव्हता. भरीला टाकीच्या सेन्सरची वायर आठ मजले पंपाच्या थ्री-फेज केबलला टाय मारून खाली आणलेली. फिटरने ती नीटनेटकी दिसावी म्हणून तशी बांधली होती आणि मी त्याला शाबासकी दिली होती! १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर कॉइलवर चढवला, सेन्सरची वायर वेगळ्या पाइपातून घेतली आणि हट्टाने तोच जुना नॅनो परत खोचला. तीन वर्षं झाली, ऑपरेटरचा फोन आता फक्त दिवाळीला येतो.

टिकण्याच्या बाबतीत दोन गोष्टी मात्र मान्य करतो. एक, खोचलेलं मॉड्यूल हादऱ्याने सैल होतं, आणि तुर्भे-महापेच्या रासायनिक पट्ट्यात दोन पावसाळ्यांत पिना काळ्या पडतात. त्यासाठी मॉड्यूल टाकून द्यायची गरज नाही, ते ज्यात खोचतो ती फिमेल स्ट्रिप काढून टाका. पिकोच्या दोन्ही कडांना अर्धी कापलेली भोकं असतात ती काय शोभेला? बोर्डवर थेट सोल्डर करता यावं म्हणूनच ती आहेत. वरून कोटिंगचा हात द्या.

दुसरी गोष्ट क्लोन नॅनोची. बऱ्याच क्लोनमध्ये जुना बूटलोडर (चिप चालू होताच आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) असतो, आणि वॉचडॉगने, म्हणजे प्रोग्रॅम अडकला की चिप पुन्हा सुरू करणाऱ्या टायमरने, रीसेट केलं की तो वॉचडॉग बंद न करताच रेंगाळतो. तेवढ्यात पुन्हा रीसेट, पुन्हा तेच. एलईडी फडफडत राहतो आणि माणसाला वाटतं बोर्ड मेला. आयएसपीने (चिपमध्ये थेट लिहिणाऱ्या प्रोग्रॅमरने) ऑप्टिबूट हा नवा बूटलोडर चढवला की रोग जातो, वर दीड केबी मेमरीही मोकळी होते. लॅमिंग्टन रोडवरून मूठभर नॅनो आणले की माझ्या गाळ्यात पहिलं काम हेच.

आता पैसे. माझ्याकडची बहुतेक कामं ५० नगांच्या आतबाहेर. सुटी चिप वापरून नगामागे २०० रुपये वाचतील असं धरू, म्हणजे १०,००० रुपये. त्यासाठी काय करावं लागतं ते पिकोवरच्या आरपी२०४० या चिपचं उदाहरण घेऊन बघा. चिप ७ बाय ७ मिलिमीटर, कडेने ५६ पॅड, दोन पॅडांत ०.४ मिलिमीटरचं अंतर. पोटात फ्लॅश मेमरी नाही, ती बाहेर जोडायची. क्रिस्टल बाहेर, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर बाहेर. साध्या सोल्डरिंग आयर्नने हे जमत नाही, म्हणजे स्टेन्सिल (सोल्डर पेस्ट लावायचा भोकांचा पत्रा) आणि हॉट एअर आलं. पहिल्या बोर्डात चूक निघणार हे गृहीतच धरायचं. दोन आठवडे आणि बोर्डाच्या दोन खेपा, यातच ते १०,००० विरघळतात. हेच ५,००० नग असतील तर मेसेज शंभर टक्के खरा, आणि तिथे मॉड्यूल लावणाऱ्याला मीही हसेन. पण मेसेजात नगांचा आकडाच नाही, आणि आकड्याशिवाय ‘महाग’ या शब्दाला अर्थ काय?

हिशेबात न दिसणारी एक बचत वेगळीच. ठाण्याहून महापेला एक फेरी म्हणजे माझा अर्धा दिवस. मॉड्यूल बिघडलं तर प्रोग्रॅम टाकलेलं दुसरं कुरिअर करतो, तिथला इलेक्ट्रिशियन बदलतो. (यामुळेच सगळीकडे सोल्डर करत नाही. जिथे हादरे नाहीत तिथे फिमेल स्ट्रिपच.)

पत्र्याच्या टोपीबद्दल, म्हणजे ईएसपी३२बद्दल. इथे मेसेजवाल्याने दोन वेगळ्या वस्तूंची खिचडी केली आहे. यूएसबी सॉकेट असलेला लांबट बोर्ड तो डेव्हलपमेंट बोर्ड. त्यावर बसलेला पत्र्याच्या टोपीचा तुकडा, १८ बाय २५.५ मिलिमीटरचा, ते खरं वायफाय मॉड्यूल. टोपीखाली चिप, फ्लॅश आणि क्रिस्टल आहेत, बाहेर डोकावणारी नागमोडी तांब्याची रेघ म्हणजे अँटेना, आणि तिचं जुळवून ठेवलेलं गणित आपण पैसे देऊन विकत घेतो. ते स्वतः करायला लागणारी मोजमापाची यंत्रं माझ्या गाळ्याच्या भाड्यात बसत नाहीत. एवढंच सांभाळा की अँटेनाच्या आसपास १५ मिलिमीटर तरी तांबं नको, आणि पॅनल लोखंडी असेल तर बाहेरच्या अँटेनाचं कनेक्टर असलेलं मॉड्यूल घ्या. लोखंडी पेटीत नागमोडी रेघ ठेवून ‘रेंज येत नाही’ म्हणणारे मी पाहिलेत.

कॉपीचा मुद्दा दोन ओळींत संपतो. ईएसपी३२मध्ये फ्लॅश एन्क्रिप्शन (प्रोग्रॅम कुलूपबंद ठेवणं) आणि सिक्युअर बूट (फक्त आपल्या सहीचा प्रोग्रॅम चालवणं) आहे, मॉड्यूलमध्येही तेच चालतं. आरपी२०४०मध्ये ते नाही, मग तुम्ही ती कितीही सुंदर बोर्डावर बसवा, बाहेरच्या फ्लॅशमधून प्रोग्रॅम वाचता येणारच.

पोरं शिकत नाहीत? माझ्याकडे येणाऱ्या डिप्लोमाच्या पोरांना मी आधी मॉड्यूलवर प्रोग्रॅम लिहायला लावतो आणि मग ईएसपी३२चं वायफाय चालू करून जीपीआयओ २५ या पिनवर अॅनालॉग रीडिंग घ्यायला सांगतो. ते येत नाही, कारण ती पिन एडीसी२ची (चिपमधल्या दुसऱ्या अॅनालॉग मोजणाऱ्या विभागाची), आणि वायफाय चालू असताना एडीसी२ वापरता येत नाही. दुपारभर वायरी बदलून झाल्यावर पोरगं पहिल्यांदा डेटाशीट उघडतं.

मॉड्यूलवाल्यांची खरी फजिती होते ती बॅटरीवर. ईएसपी३२ गाढ झोपेत साधारण १० मायक्रोअँपिअर घेते, पण स्वस्त डेव्हलपमेंट बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर आणि लाल एलईडी जागेच राहतात आणि काही मिलिअँपिअर गिळतात. ५ मिलिअँपिअर धरले तर २,००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी ४०० तासांत, म्हणजे १७ दिवसांत आटोपते. तिथे तो बोर्ड लावणाऱ्याला जुगाडू म्हणा, मी तुमच्या बाजूने. पण एवढ्या लांबलचक मेसेजात बॅटरीवर एक ओळ नाही.