प्रॅचेट रातोरात लेखक झाले नव्हते

ब्रिटिश विनोदी कादंबरीकार टेरी प्रॅचेट यांच्याविषयी एक कहाणी हौसेने सांगितली जाते: तिथल्या वीज मंडळातल्या या नोकरदाराने १९८३ साली पहिलीच कादंबरी लिहिली, ती रातोरात गाजली, पुढे तोच विनोद त्यांनी चाळीस पुस्तकांत उगाळला आणि अखेर अल्झायमरने त्यांचे लेखन थांबवले.

१९८३ ची ‘द कलर ऑफ मॅजिक’, म्हणजे चपट्या जगात घडणाऱ्या त्यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेचे पहिले पुस्तक, ही त्यांची पहिली नव्हे, चौथी कादंबरी होती. पहिली १९७१ मध्ये आली. मधल्या दोन विज्ञानकथा होत्या आणि त्यांपैकी १९८१ च्या ‘स्ट्रॅटा’मध्ये चपट्या जगाची कल्पना आधीच येऊन गेली होती. सतराव्या वर्षी शाळा सोडून ते स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाले, तर वीज मंडळात अणुवीज केंद्रांविषयी पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे त्यांचे काम होते. ही नोकरी त्यांनी १९८७ मध्ये सोडली. रातोरात गाजलेला लेखक आणखी चार वर्षे मस्टरवर सही कशाला करेल?

एकच विनोद उगाळल्याचा आक्षेप अधिक गंभीर आहे. डिस्कवर्ल्ड मालिकेतील सुरुवातीची दोन पुस्तके मुख्यतः विडंबन आहेत, हे मान्यच करायला हवे. पण १९९३ च्या ‘मेन ॲट आर्म्स’मधला पहारेकऱ्यांचा कप्तान व्हाइम्स पाहा. त्याचा पगार महिना ३८ डॉलर, चांगले बूट ५० डॉलरचे. म्हणून तो पुठ्ठ्याच्या तळाचे दहा डॉलरवाले घेतो, जे एकदोन हंगामांत गळू लागतात. दहा वर्षांत गरिबाचे बुटांवर शंभर डॉलर जातात आणि पाय ओलेच राहतात, तर श्रीमंताचा तोच ५० डॉलरचा जोड अजून धडधाकट असतो. हसता हसता गरिबीचा एवढा चोख हिशेब मांडणाऱ्याला निव्वळ विडंबनकार म्हणणे मला तरी आळशी वाचनाचे लक्षण वाटते. २००१ च्या बालकादंबरीसाठी त्यांना बालसाहित्यासाठीचे ब्रिटनमधील मानाचे कार्नेगी पदक मिळाले, तेही विडंबनासाठी नव्हे.

राहिला आजार. २००७ मध्ये निदान झाल्यावर टंकलेखन अवघड होत गेले, तेव्हा ते साहाय्यकाला आणि संगणकाला मजकूर सांगू लागले. ‘स्नफ’ २०११ मध्ये आली, ‘रेझिंग स्टीम’ २०१३ मध्ये, आणि मार्च २०१५ मधील मृत्यूनंतर काही महिन्यांनी मालिकेतील ४१ वी, शेवटची कादंबरी. अपुऱ्या लेखनाची हार्ड डिस्क त्यांच्याच इच्छेनुसार ऑगस्ट २०१७ मध्ये रोडरोलरखाली चिरडण्यात आली.